टर्बाइनच्या लेसर स्कॅनिंगमध्ये करिअर: आधी काय शिकावं?

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅड चांगलं जमतं. जलविद्युत टर्बाइनचे जुने भाग लेसर स्कॅनरने मोजून त्यांची नवी ड्रॉइंग करण्याच्या कामात जावंसं वाटतं. चार आठवड्यांचा स्कॅनिंग कोर्स करू का? वडील म्हणतात, हे ऑपरेटरचं काम, पुढे वाव नाही.

उत्तर: वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हातातला स्कॅनर फिरवायला आठवडाभरात येतो आणि तेवढंच येणारा माणूस ऑपरेटरच राहतो. कंपनीला अडतं ते पुढच्या कामावर. वर्षानुवर्षं पाण्यात फिरलेल्या फ्रान्सिस टर्बाइनच्या रनरच्या (फिरत्या चाकाच्या) ब्लेडना कॅव्हिटेशनने, म्हणजे पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुटून, खड्डे पडलेले असतात, गाळाने कडा झिजलेल्या असतात आणि प्रत्येक दुरुस्तीत वेल्डिंग भरून ग्राइंडरने अंदाजे आकार दिलेला असतो. स्कॅनर हे सगळं इमानेइतबारे टिपतो. तेच जसंच्या तसं कॅडमध्ये उतरवलंस, तर नव्या रनरला जुन्याची झीज जन्मतःच मिळेल.

समज, दोन मीटर व्यासाचा, १३ ब्लेडचा रनर समोर आहे. आधी तेल, शेवाळ, सुटा गंज काढायचा. ग्राइंडर मात्र लावायचा नाही, कारण जे मोजायचं तेच घासलं जाईल. चकचकीत जागांवर मॅट पांढऱ्या स्प्रेचा पातळ थर द्यायचा, नाहीतर लेसर परावर्तित होऊन हवेत तरंगणारे बिंदू येतात. मग परावर्तक स्टिकर, ज्यांवरून स्कॅनर आपली जागा ओळखतो. प्रत्येक क्षणी स्कॅनरला निदान तीन-चार दिसले पाहिजेत आणि ते मुद्दाम वेडेवाकडे लावायचे. सारख्या अंतरावर ओळीने लावले की सॉफ्टवेअर एका जागेला दुसरी समजतं. कडेवर स्टिकर नको, कारण त्याच्याखालचा आकार मिळत नाही, तिथे भोक पडतं आणि सॉफ्टवेअर ते अंदाजाने बुजवतं.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक होते ब्लेडच्या कडेपाशी. एक बाजू स्कॅन झाली, आता पातळ कड ओलांडून दुसऱ्या बाजूला जायचं. इथे दोन्ही बाजूंना सामायिक स्टिकर कमी पडतात, दोन पृष्ठभाग एकमेकांच्या तुलनेत किंचित सरकतात आणि ब्लेडची जाडीच चुकते. स्क्रीनवर सगळं गुळगुळीत, देखणं दिसतं, म्हणून चूक कळत नाही. त्यावर उपाय जुनाच आहे. ब्लेडवर पाच-सहा जागी खूण करायची, कॅलिपरने किंवा अल्ट्रासॉनिक गेजने जाडी घ्यायची आणि मेशमधल्या (स्कॅनच्या बिंदूंपासून बनलेल्या जाळीतल्या) जाडीशी ताडून पाहायची. कॅलिपर १२.० मि.मी. म्हणतो आणि मेश ११.२, तर स्कॅन पुन्हा करायचा. त्यावर वाद घालत बसायचं नाही.

तापमानाचीही नोंद हवी. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मि.मी. वाढतं. म्हणजे सकाळ-दुपारमध्ये १० अंशांचा फरक पडला, तर या रनरचा व्यास पाव मिलिमीटरने बदलतो. लॅबिरिंथ सीलच्या (रनर आणि स्थिर भाग यांच्यातली गळती रोखणाऱ्या अरुंद फटीच्या) जागी एवढा फरक खपत नाही. म्हणून सीलचे व्यास, फ्लँजचं (शाफ्टला जोडायच्या कडेचं) बोअर म्हणजे मधलं भोक, बोल्टच्या भोकांचं वर्तुळ यांसाठी मोठा मायक्रोमीटर किंवा लेसर ट्रॅकर वापरतात. हातातल्या स्कॅनरवर ती मापं सोडत नाहीत. स्पायरल केसिंग (रनरभोवतीचं शंखाकृती कवच) आणि ड्राफ्ट ट्यूब (पाणी बाहेर नेणारी नळी) यांच्यासाठी तिवईवरचा स्कॅनर, कारण तिथे एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालून जातो. शेजारचं युनिट चालू असेल तर जमीन थरथरते आणि तिवईवरच्या यंत्राची मापं डगमगतात. वेळ ठरवताना याचा विचार करावा लागतो.

आता कॅड. पहिलं काम म्हणजे अक्ष. तो घ्यायचा यंत्रण केलेल्या फ्लँजवरून आणि बोअरवरून, ब्लेडवरून कधीच नाही. मग प्रत्येक ब्लेड अक्षाभोवती ३६० भागिले १३, म्हणजे सुमारे २७.६९ अंशांच्या पटीत फिरवून सगळी एकावर एक ठेवायची. बहुतेक ब्लेड जिथे जुळतात तिथे मूळ आकार शिल्लक असण्याची शक्यता जास्त. जिथे विखुरतात तिथे झीज किंवा वेल्डिंग. पाणी बाहेर पडतं त्या कडेपाशी असा विखुरलेपणा हमखास दिसतो. गाळ सगळ्या ब्लेडना सारखाच घासतो तेव्हा ही युक्तीही फसते. पेल्टन टर्बाइनच्या बकेटचा (पाण्याचा झोत झेलणाऱ्या वाटीचा) मधला कणा बोथट झाला असेल, तर गेलेली उंची कोणत्याच बकेटवर सापडत नाही. दोन्ही उतार वर वाढवून ती काढावी लागते. पृष्ठभाग बसवताना ‘ऑटो सरफेस’चं बटण दाबू नकोस, ते प्रत्येक खड्ड्यामागे धावतं. छेद घे, मोजक्या नियंत्रण बिंदूंची गुळगुळीत वक्ररेषा बसव आणि शेवटी रंगीत विचलन-नकाशात फरक कुठे आणि का राहिला ते लिहून ठेव.

त्यामुळे कोर्सआधी तीन गोष्टी पक्क्या कर: भौमितिक टॉलरन्स (आकारात आणि जागेत किती फरक चालतो ते), मोजमापातली अनिश्चितता आणि टर्बाइनमधल्या प्रवाहाची मूलतत्त्वं. तिसरी बहुतेक कॅडवाले टाळतात आणि तिथेच अडकतात. पदवी करता आली तर उत्तम, पण डिप्लोमावरही सुरुवात होते. आयईसी ६०१९३ हे टर्बाइनच्या छोट्या प्रतिकृतींवर (मॉडेलवर) होणाऱ्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात मॉडेल आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्या आकारात किती फरक चालतो ते दिलं आहे, तेवढा भाग नक्की वाच.

सरावासाठी स्कॅनर लागत नाही. भंगारातला पंपाचा उघडा इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) घे आणि सगळ्या बाजूंनी शंभरेक फोटो काढ. प्रत्येक बाजूला शेजारी मोजायची पोलादी पट्टी ठेव, कारण फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. फोटोंवरून मेश करणारं मेशरूम आणि मेश ताडून पाहणारं क्लाउडकम्पेअर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. तयार केलेल्या कॅडवरची २० मापं व्हर्निअरशी ताडून तक्ता कर. मुलाखतीत कोर्सच्या प्रमाणपत्राआधी हा तक्ता दाखव.

कोर्सची फी भरण्याआधी तिथे दोन गोष्टी विचार: रोज किती तास यंत्र प्रत्यक्ष हातात मिळेल, आणि झिजलेल्या भागाचा मेशपासून ड्रॉइंगपर्यंतचा एक पूर्ण जॉब करून घेतात का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते चार आठवडे इम्पेलरवर घाल.