आजीचा स्टुडिओतला फोटो चिकटवू की नको?

मागच्या अंकात जुन्या फोटोंची स्क्रॅपबुकची पानं, म्हणजे फोटो, कापड, चिठ्ठ्या लावून सजवलेली पानं, घरी कशी करायची यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण एक पत्र असं होतं की बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन गेलेत, म्हणून ते आधी घेते आणि जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे आजीआजोबांचा 1957 सालचा एक फोटो आहे, कोल्हापूरच्या स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीवर बसलेत, डोक्याला काळी टोपी, अंगातला कोट शेजाऱ्यांचा मागून आणलेला. आजी नऊवारीत बाजूला उभी, पुढं आत्या आणि सहा-सात वर्षांचे बाबा आणि आजीच्या कडेवर एक तान्ही. फोटो ब्लॅक अँड व्हाइटच आहे पण आजीचं कुंकू आणि साडीचे काठ हातानं रंगवलेत. राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे आणि खाली स्टुडिओचं नाव उठावाचं आहे. बाबांची पंच्याहत्तरी आलीय, तर मला या फोटोचं एक मोठं स्क्रॅपबुकचं पान करून त्यांना द्यायचंय. पुठ्ठा सोडवून फोटो पानावर चिकटवला तर चालेल का? आजीच्या इरकलीचा तुकडा आहे तो पण लावायचाय. आणि अजून एक, ती कडेवरची मुलगी दीड वर्षाची असताना गेली. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पानावर तिचं नाव लिहावं की नको? – सांगली

उत्तर : आधी एकच सांगते, मूळ फोटो चिकटवू नका. कुठल्याच गोंदानं नको, आणि पुठ्ठ्यापासून सोडवायला तर अजिबात जाऊ नका. मी कॉलेजात असताना आईबाबांच्या लग्नाचा फोटो ड्रॉइंगच्या जाड कागदावर पांढऱ्या गोंदानं चिकटवला होता, मला वाटलं किती छान पान झालं, दोन पावसाळे गेले आणि फोटोला पोपडे आल्यासारखं झालं, सोडवायला गेले तर बाबांच्या कोटाची बाही कागदावरच राहिली. तो एकच फोटो होता. आजही ते पान माझ्याकडे आहे आणि बघितलं की पोटात कालवतं, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय.

कारण काय ते पण सांगते. त्या काळच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्या थरात चांदीचे अगदी बारीक कण, चित्र दिसतं ते त्या चांदीमुळे. जिलेटिन पाणी शोषतं आणि फुगतं, कागद वेगळ्या हिशोबानं फुगतो, त्यामुळे पाणीदार गोंद लागला की सुरकुत्या येतात. तुमच्या फोटोवर तर हाताचा रंग आहे. कुंकू आणि काठ वरून रंगवलेत, म्हणजे तो रंग पृष्ठभागावरच बसलाय, ओल्या कापसानं पुसायला गेलात तर आजीचं कुंकूच निघून येईल. साफ करायचाच असेल तर मऊ कोरडा ब्रश, मधून कडेकडे हलका हात, बास. आणि पुठ्ठा जुना असतो, त्यातल्या आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो हे खरं, पण सोडवताना फोटो फाटायची भीती त्याहून मोठी आहे. शिवाय ते स्टुडिओचं उठावाचं नाव म्हणजे फोटोचाच भाग, ते कापून टाकायचं नाही.

मग पान कशाचं करायचं? कॉपीचं. फोटो 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके या हिशोबानं, स्कॅन करा, पुठ्ठ्यासकट, मागची बाजू पण. मागं कुणी पेन्सिलनं काही लिहिलेलं असतं ते आपल्या लक्षातच येत नाही. फाइल टिफ (TIFF) या प्रकारात ठेवा, त्यात फोटो आकसत नाही, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली कॉपी प्रिंटला देऊ नका, ती पार आकसून गेलेली असते. सहा बाय आठ इंचाचा फोटो 600वर स्कॅन केला की 3600 बाय 4800 पिक्सेल होतात, प्रिंटला 300 पुरतात, म्हणजे दुप्पट मोठा केला तरी धूसर होत नाही. प्रिंट मॅटवर घ्या, ग्लॉसीवर नको, जुन्या फोटोला ती चकाकी शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पानासाठी बारा बाय बारा इंचाचा जाड कागद घ्या, 250–300 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), विचारून घ्या की अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, आहे का. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर बघा. मला स्वतःला सुती चिंध्यांचा हातकागद सगळ्यात आवडतो, पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे तिथं बघा. चिंध्यांच्या कागदात लाकडातलं लिग्निन नसतं, वर्तमानपत्र जसं चार दिवस उन्हात पिवळं पडतं तसा तो पडत नाही. रंग बदामी नाहीतर मातकट घ्या. काळा कागद मोह घालतो पण आजीची नऊवारी मुळात गडद दिसत असणार, ती त्यात बुडून जाईल.

आता इरकलीचा तुकडा. आधी कापड कोपऱ्यात किंचित ओलं करून त्यावर पांढरा सुती रुमाल पाच मिनिटं दाबून धरा, रंग उतरला तर तो तुकडा कागदाला थेट लावायचा नाही, मध्ये दुसरा कागद घाला. नाही उतरला तर टोपपदराची, म्हणजे इरकलीच्या पदराची, इंचभर रुंद पट्टी पानाच्या डाव्या कडेनं उभी लावा, आणि चिकटवू नका, शिवा. सुईनं आधी कागदाला अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर भोकं पाडून घ्या आणि मग गोधडीला घालतो तसा साधा धावदोरा घाला. माझी आजी गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे असेच बसवायची, टाके थोडे वाकडेतिकडे आले तर येऊ दे, उलट छान दिसतं. कापड फोटोच्या कॉपीवर चढू देऊ नका एवढं बघा, आणि घरात जरीचा तुकडा असेल तर तो अजून लांब, जर काळी पडते.

फोटोची कॉपी सुद्धा कोपऱ्यांत अडकवा. बाजारात तयार कोपरे मिळतात पण घरी करणं अगदी सोपं आहे, दोन इंच लांब आणि इंचभर रुंद कागदाची पट्टी घ्यायची, वरच्या कडेच्या मधोमधून दोन्ही बाजू खाली दुमडायच्या, त्रिकोण झाला की त्याच्या खिशात फोटोचा कोपरा सरकवायचा आणि गोंद त्रिकोणाच्या पाठीला, फोटोला नाही. चार कोपरे, दहा मिनिटांचं काम. पुढंमागं कुणाला तो फोटो काढून बघावासा वाटला तर निघतो. मूळ फोटो पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घालून वेगळा ठेवा, पीव्हीसीचं मऊ, वास येणारं प्लास्टिक नको, ते काही वर्षांनी फोटोला चिकटतं.

लिहिण्याचं. जेल पेननं लिहू नका, पाण्याचा थेंब पडला की बऱ्याच जेल पेनांचं लिहिलेलं पसरतं. पिगमेंट इंकचं, म्हणजे पाण्यानं न पसरणाऱ्या शाईचं, पेन घ्या, आणि मजकूर थेट पानावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती अडकवा, चुकलं तर पान वाया जात नाही. आणि हो, तुम्ही लिहूच नका! आत्याकडून लिहून घ्या. त्यांचं वय आता ऐंशीच्या आसपास असेल, अक्षर थरथरतं असेल, तेच हवंय आपल्याला. कोट कुणाचा होता, स्टुडिओत जायला बैलगाडी होती की एसटी, फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितलं होतं का, पडद्यावर काय रंगवलं होतं, हे त्यांना विचारा आणि त्या बोलतात तसंच लिहून घ्या, शुद्धलेखन बघू नका. मी हे अनेक घरांत बघितलंय, पान कितीही सजवलं तरी माणसं आधी ती चिठ्ठी वाचतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तो मी दोन दिवस मनात घोळवला. पंच्याहत्तरीच्या दिवशी, पन्नास माणसांसमोर, ते नाव बाबांना पहिल्यांदा वाचायला लावू नका. आधी आत्याला एकटीला विचारा. फोटो समोर ठेवा आणि फक्त एवढंच म्हणा की ही कोण, हिच्याबद्दल सांग ना. एवढं बोलून गप्प बसा. कदाचित त्या नाव सांगतील, कदाचित उठून आत जातील, दोन्ही ठीक आहे. त्यांनी सांगितलं तर मग बाबांना एकदा विचारून घ्या. दोघं हो म्हणाले तर डावीकडून क्रमानं सगळ्यांची नावं लिहिताना तिचंही लिहा, बाकीच्यांसारखंच, वेगळं फूल नको, वेगळा रंग नको. नको म्हणाले तर आत्याकडून फक्त एवढं लिहून घ्या : ‘आई, दादा आणि आम्ही तिघं भावंडं.’ तुमच्या घरी वडिलांना जे म्हणत असतील ते घाला. पण ‘तिघं’ हा शब्द सोडू नका. आणि पानाच्या मागं एका कोपऱ्यात 2बी पेन्सिलनं तिचं नाव, साल, जे कळेल ते लिहून ठेवा, पुढच्या पिढीतल्या कुणी मोजून विचारलं की चौघं मोठ्या-छोट्यांबरोबर ही पाचवी कोण, तर उत्तर तिथं असेल.

प्रश्न : नातवानं मोबाइलच्या अॅपवर आमच्या लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत करून दिला. मला आवडला, पण शालू हिरवा होता तो त्यानं निळा केलाय. पानावर कुठला लावू? – नाशिक

उत्तर : काकू, अॅपला तुमचा शालू माहीत नाही हो, ते अंदाजानं रंग भरतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत हिरवा आणि निळा दोन्ही सारख्याच करड्या दिसू शकतात. मोठा लावा तो मूळ ब्लॅक अँड व्हाइटच. रंगीत लावायचा असेल तर नातवाला शेजारी बसवून शालूचा खरा रंग सांगा, त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या आणि पोस्टकार्ड साइजचा छोटा प्रिंट बाजूला लावून खाली लिहा की हा रंग नंतर भरलाय, सांगितला आजीनं आणि भरला नातवानं. आणि न रंगवलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, त्याच्यावरच सेव्ह करू नका. शालू अजून कपाटात असेल तर त्याचा दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून तोही पानावर लावा ना.

प्रश्न : ऐंशीच्या दशकातले आमचे अल्बम चिकट पानांचे आहेत, वर प्लास्टिक. फोटो निघत नाहीत आणि रंग लालसर झालेत. – इंदूर

उत्तर : ते अल्बम तेव्हा सगळ्यांनी हौसेनं घेतले, आमच्याकडेही आहेत. नखानं किंवा सुरीनं उचकटू नका. बिनवासाचा डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखालून घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढंमागं करत न्या, पान चपटं ठेवा, फोटो वाकवू नका. अडला तर थांबा. जो निघत नाही तो तसाच, प्लास्टिक वर करून, पानासकट स्कॅन करा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, घरोघरी सांगतात तो उपाय पण मला त्याची धास्ती वाटते. रंगाचं म्हणाल तर त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटमध्ये निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि मागं लालपणा उरतो, अंधारात ठेवले तरी. प्रिंट पूर्ववत होत नाही, स्कॅनमध्ये मात्र बरंचसं सुधारता येतं. निगेटिव्ह सापडल्या तर सोनंच, आधी त्या स्कॅन करा.

प्रश्न : फ्रेममधला वडिलांचा फोटो काचेला चिकटलाय, त्याचंच पान करायचं आहे. आमच्याकडे पावसाळा कसा असतो तुम्हाला माहीतच आहे. – रत्नागिरी

उत्तर : ओढू नका. दमटपणानं जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं, ओढलं तर चेहरा काचेवर जाईल. काचेसकटच खिडकीपाशी ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, समोरच्या बाजूला काळं कापड धरून काचेतली चमक मारा आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरून चार-पाच फोटो काढा. त्यातला सगळ्यात चांगला प्रिंटला द्या. मूळ सोडवायचाच असेल तर फोटो दुरुस्तीतल्या जाणकाराकडेच न्या. पुढच्या वेळी फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगा म्हणजे दोघं टेकणार नाहीत. आणि तयार झालेलं पान बाहेरच्या भिंतीला लावू नका, तिथं ओल येते. कपाटात आडवं ठेवा, बाजूला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या मात्र फोटोंजवळ नकोत. कसर लागतेय का ते बघायला गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून बघा. पान आत्ता पावसात करत असाल तर कागद आदल्या दिवशी कोरड्या खोलीत पंख्याखाली पसरून ठेवा आणि झालं की दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबा, नाहीतर कडा वर येतात.