शनिवार-रविवारचं पर्माकल्चर

प्रश्न: आम्ही कोथरूडमधल्या सात-आठ कुटुंबांनी मुळशी रोडला पाऊण एकर खंडानं घेतलीय. मागच्या वर्षी टोमॅटो-पालक लावला, निम्मा वाळला, उरलेला गुरांनी खाल्ला. आता पर्माकल्चर (निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती आखायची पद्धत) शिकायचं म्हणतोय तर अर्धे म्हणतात आधी कोर्स, अर्धे म्हणतात व्हिडिओ बघून करत करत शिकू, ग्रुपवर रोज वाद. काय करावं?

उत्तर: पूर्ण डिझाइन कोर्स 72 तासांचा असतो, सगळ्यांनी कशाला पैसे भरायचे, दोघांनी करा आणि येऊन बाकीच्यांना शिकवा. वाद संपला. पण तुमचा खरा घोळ वेगळाच आहे.

1978 मध्ये ऑस्ट्रेलियात मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी पर्माकल्चर मांडलं, त्यात झोनची कल्पना आहे, म्हणजे जिथे रोज जाणं होतं ते दाराशी आणि जिकडे क्वचित फिरकतो ते लांब. आता तुमचं दार कोथरूडला आणि शेत मुळशी रोडला, म्हणजे आख्खं शेतच लांबचा झोन झालं ना! पालक-कोथिंबीर आणा बाल्कनीत. शेतावर हळद, सुरण, शेवगा, तूर असलं लावा, जे आठवडाभर कुणी बघितलं नाही तरी रुसत नाही. गुरांसाठी सागरगोट्याचं कुंपण करा, ते वाढेपर्यंत बाभळीच्या फांद्या रचा, आणि शेजारच्या शेतकरीदादांना लक्ष ठेवायचे महिन्याला काहीतरी द्या, फुकटात अपेक्षा नको.

एकत्र शिकायला बेस्ट काम म्हणजे उताराची समपातळी काढणं, म्हणजे एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी रेघ, तिच्यावर चर खणला की पाणी वाहून न जाता मुरतं. पोरंसुद्धा करतात. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी काठी, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. हा घोडा एका जागी उभा करून दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करा, मग त्याच जागी पायांची अदलाबदल करून दुसरी खूण, दोन्हींच्या मधोमध तुमची पातळी. दोरी तिथे आली की पायांशी खुंट्या ठोकत पुढे सरकायचं. खुंट्यांची रेघ वाकडीतिकडी येते, ती सरळ करायला जाऊ नका (कुणीतरी इंजिनिअर करतोच), तिच्यावरच चर खणा आणि माती उताराच्या खालच्या बाजूला टाका. हे मे महिन्यात उरका. आणि जुलैत धो-धो पाऊस असताना एकदा सगळे जाऊन उभे राहा, पाणी कुठून घुसतं, कुठे तुंबतं ते बघा, कारण पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलीमीटर पडतो पण मुळशीकडे सरकाल तसा आकडा झपाट्यानं वाढतो, शहरातल्या अंदाजानं चर खणले तर फुटतील.

राहिलं आच्छादन, म्हणजे जमीन पाल्यानं झाकणं. बांधाला गिरिपुष्प लावा, छाटून पाला तिथेच टाकायचा, जमिनीला नत्र मिळतं. पण तो वाढेपर्यंत सोसायटीतला पाचोळा आहेच, फेब्रुवारी-मार्चमध्ये ढिगांनी पडतो आणि लोक जाळतात. पुण्यात ब्राउन लीफ नावाचा ग्रुप पानं देणारे आणि हवी असणारे यांची गाठ घालून देतो, तिथे विचारा. ग्रुपवर वाद घालायला ज्यांना वेळ आहे त्यांना पोती भरायला बसवा.