टेस्टिंगची नोकरी घेऊ का? अजाईल टीममध्ये गुणवत्तेचं काम नेमकं काय असतं

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीत 'क्वालिटी इंजिनिअर' पदासाठी माझी निवड झाली आहे आणि दहा दिवसांत होकार कळवायचा आहे. मित्र म्हणतात, अजाईलमध्ये टेस्टर हे पदच उरलेलं नाही, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कसली गुणवत्ता सांभाळणार, आणि एकदा टेस्टिंगला गेलीस की कायमची अडकशील. मला कोडिंग बऱ्यापैकी येतं. ही नोकरी घेऊ का? रुजू व्हायला सहा महिने आहेत, तोवर काय शिकू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अजाईल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या फेऱ्यांत बांधत जाण्याची पद्धत. स्क्रम हा तिचा एक प्रकार, आणि त्यातल्या एका फेरीला स्प्रिंट म्हणतात. स्क्रम गाइड या त्याच्या नियमपुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या दिल्या आहेत : प्रॉडक्ट ओनर (काय बांधायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स. टेस्टर त्यात नाही. पण तिथे डेव्हलपर या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. स्प्रिंट संपेपर्यंत वापरण्याजोगं काही उभं करण्यासाठी जे जे राबतात, ते सगळे त्यात येतात. म्हणजे वेगळं पद सांगितलेलं नाही, काम मात्र आहे तिथेच आहे. किंबहुना वाढलंच आहे, कारण पूर्वी प्रकल्पाच्या शेवटी एकदा होणारी तपासणी आता दर स्प्रिंटला, कित्येक ठिकाणी रोज करावी लागते.

हे काम कसं दिसतं ते एका उदाहरणातून बघू. समजा टीमच्या कामांच्या बोर्डावर एक स्टोरी, म्हणजे वापरकर्त्याच्या गरजेचं एक छोटं काम, आली : पासवर्ड विसरलेल्या वापरकर्त्याला ईमेलवर लिंक मिळावी आणि त्याला नवा पासवर्ड ठेवता यावा. ऐकायला दीड-दोन दिवसांचं काम. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि तू असे तिघं पंधरा मिनिटं बसलात, तर तुझ्याकडून कोणते प्रश्न यायला हवेत? लिंक किती वेळ चालेल? एकदा वापरली की लगेच बाद होईल ना? घाईत कुणी बटण दोनदा दाबलं आणि दोन ईमेल गेले, तर पहिली लिंक चालू ठेवायची का? पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या फोनवरचं लॉगिन बंद करायचं का? आणि नोंदणीच नसलेला ईमेल टाकला तर पडद्यावर काय दिसेल? तिथे 'असं खातं नाही' असा संदेश दिला, तर कुणीही एकेक ईमेल टाकून इथे कोणाकोणाचं खातं आहे ते शोधून काढेल. म्हणून खातं असो वा नसो, संदेश एकच दाखवायचा.

समजा लिंक ३० मिनिटं चालेल असं ठरलं. मग तपासणी हवी २९ व्या, ३० व्या आणि ३१ व्या मिनिटाला, कारण चुका सीमेवर दडून बसतात. 'पेक्षा कमी' हवं तिथे 'पेक्षा कमी किंवा तितकंच' लिहिलं जातं आणि नुसतं वाचून ते कोणाच्या लक्षात येत नाही. पण प्रत्येक चाचणीसाठी अर्धा तास कोण थांबणार? म्हणून कोडनं वेळ थेट संगणकाच्या घड्याळातून घेऊ नये, घड्याळ बाहेरून पुरवता यावं. मग चाचणीत काटे हवे तिथे फिरवता येतात आणि तिन्ही तपासण्या सेकंदाच्या आत उरकतात. ही सूचना सुरुवातीला दिली तर जवळपास फुकटात अमलात येते. कोड लिहून झाल्यावर दिली तर जागोजागी बदल करावे लागतात, आणि 'पुढच्या स्प्रिंटला बघू' असं म्हणून ती मागे पडते. गुणवत्तेच्या माणसाला पहिल्याच बैठकीला का बोलवायचं, ते इथे कळतं.

दोन आठवड्यांत हे जमतं का, हा तुझ्या मित्रांचा दुसरा प्रश्न. अनेक टीममध्ये जमत नाही, आणि त्याचं कारण फार ठरावीक असतं. स्प्रिंट दहा कामाच्या दिवसांचा. पहिले सात दिवस सगळे आपापली स्टोरी लिहितात आणि आठव्या दिवशी पाच स्टोऱ्या एकदम 'टेस्टिंग'च्या रकान्यात येऊन पडतात. टेस्टर रात्री जागतो, तीन तपासतो, उरलेल्या दोन पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतात. असे तीन-चार स्प्रिंट गेले की कुणीतरी 'एक स्प्रिंट फक्त बग दुरुस्तीचा घेऊ' म्हणतं. दोष टेस्टरच्या वेगावर येतो, पण मूळ आहे एकाच वेळी खूप कामं सुरू करण्यात. उपाय कंटाळवाणा वाटेल, पण लागू पडतो : स्टोरी दोन-तीन दिवसांत संपेल इतकी लहान करायची, म्हणजे पहिली स्टोरी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तपासायला येते. आणि टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी दोनच स्टोऱ्या, अशी मर्यादा घालायची. रकाना भरला की डेव्हलपरनं नवी स्टोरी घ्यायची नाही, अडकलेली पुढे सरकवायला बसायचं. शिवाय 'पूर्ण' कशाला म्हणायचं ते लिहून ठेवलेलं हवं : कोड दुसऱ्यानं वाचला, युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या चाचण्या) मुख्य शाखेवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडवर, हिरव्या (पास) आहेत, ठरलेले स्वीकृती निकष तपासले, चाचणीच्या सर्व्हरवर चालवून पाहिलं. तारीख जवळ आली की या यादीवर सगळ्यात आधी गदा येते. तेव्हा 'ही स्टोरी पूर्ण नाही' असं शांतपणे सांगणं हा तुझ्या कामाचा भाग असेल.

आता आकड्यांबद्दल, कारण गुणवत्तेवर नजर ठेवायची म्हटलं की डॅशबोर्ड येतातच. व्हेलॉसिटी (टीम एका स्प्रिंटमध्ये किती काम संपवते) हा नियोजनाचा आकडा आहे, त्यावरून गुणवत्ता कळत नाही. कोणी किती बग काढले हे मोजायला लागलं की एकाच चुकीचे चार बग नोंदवले जातात आणि डेव्हलपर-टेस्टरमध्ये भांडणं लागतात. कव्हरेज, म्हणजे टेस्टनी कोडचा किती टक्के भाग चालवला, हेही फसवं असतं. टेस्टनं फंक्शन नुसतं चालवलं आणि उत्तर तपासलंच नाही, तरी टक्केवारी चढते. खात्री करायची असेल तर कोडमध्ये मुद्दाम अधिकच्या जागी उणे कर आणि एखादी तरी टेस्ट पडते का बघ. एकही पडली नाही, तर ८० टक्के कव्हरेज काय कामाचं? हीच युक्ती आपोआप करणारी साधनं आहेत. तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात.

माझ्या मते सुरुवातीला तीन-चार गोष्टींवरच नजर ठेवावी. वापरकर्त्यापर्यंत पोचलेले दोष किती आणि ते आधी कुठल्या टप्प्यावर सापडायला हवे होते. सोडलेल्या बदलांपैकी किती मागे घ्यावे लागले किंवा तातडीनं दुरुस्त करावे लागले. बिघाड झाल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. आणि बिल्ड (कोड एकत्र जोडून टेस्ट आपोआप चालवणं) लाल झालं, म्हणजे फेल झालं, की किती वेळ लाल राहतं. एक आकडा चार स्प्रिंटभर वरच जात असेल, तर रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंटच्या शेवटी काम कसं झालं ते बघण्याच्या बैठकीत) तेवढाच विषय घ्यायचा आणि एकच बदल करून बघायचा. दहा ठराव केले की अकराव्या दिवशी एकही आठवत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी भल्याभल्या टीमला पोखरते : कधी पास, कधी फेल होणाऱ्या लहरी टेस्ट. समजा तुमच्या १०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट शंभरात एकदा विनाकारण फेल होते. एकेकटी पाहिली तर दुर्लक्ष करण्याजोगी. पण सगळ्या एकत्र चालवल्या तर पूर्ण संच हिरवा येण्याची शक्यता उरते जेमतेम ३७ टक्के. मग लाल दिसलं की लोक 'परत चालव' म्हणतात, आणि त्या सवयीत एक दिवस खरा दोष निसटतो. म्हणून लहरी टेस्ट दिसली की ती त्याच दिवशी वेगळी काढायची आणि कारण शोधायचं. बहुतेकदा ते तीनपैकी एक निघतं : ठरावीक सेकंद थांबणं, टेस्टमध्ये वाटून घेतलेला डेटा, किंवा बाहेरच्या सेवेवरचं अवलंबन.

सहा महिन्यांत काय शिकायचं? तुला कोडिंग येतं, तेच पक्कं कर. एकच भाषा, पण नीट. पहिल्या दोन महिन्यांत तिच्यातल्या युनिट टेस्ट, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा). पुढचे दोन महिने एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते नियम) आणि एपीआय टेस्टिंग (पडदा टाळून थेट सर्व्हरशी बोलून तपासणं). पोस्टमन या साधनानं सुरुवात कर, मग त्याच चाचण्या कोडमध्ये लिही. ब्राउझर चालवणारं साधन, प्लेराइट किंवा सेलेनियम, पाचव्या महिन्यात घे. मुलं नेमकी इथून सुरुवात करतात आणि सगळंच ब्राउझरमधून तपासायला जातात. अशा टेस्ट सावकाश चालतात आणि पडद्यावर एक बटण सरकलं तरी मोडतात. वर सांगितलेली पासवर्डची स्टोरी स्वतः बांध. तिला वीसेक युनिट टेस्ट, पाच-सहा एपीआय टेस्ट आणि ब्राउझरच्या एक-दोनच टेस्ट लिही. प्रत्येक कमिटला, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की, त्या आपोआप चालायला हव्यात. हा एवढासा प्रकल्प दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

प्रमाणपत्र हवंच असेल तर आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय टेस्टिंग संस्थेची फाउंडेशन लेव्हल परीक्षा दे : ४० प्रश्न, ६० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला २६ गुण. त्यातून शब्दसंपदा एकसारखी होते आणि अर्ज चाळताना उपयोग होतो. काम मात्र त्यानं येत नाही.

'अडकशील' ही भीती खोटी नाही. लिहून दिलेल्या पायऱ्या वर्षानुवर्षं हातानं क्लिक करत राहिलं, तर माणूस खरंच अडकतो. टेस्ट ऑटोमेशन, परफॉर्मन्स किंवा सुरक्षा चाचणी, रिलीज पाइपलाइन (तयार कोड वापरकर्त्यांपर्यंत आपोआप पोचवणारी साखळी) यांपैकी काही हाताशी असलं, तर इथून डेव्हलपमेंटकडे आणि प्रॉडक्ट ओनरच्या भूमिकेकडेही जाता येतं. त्यामुळे नोकरी घ्यावी की नाही, हे पदाच्या नावापेक्षा त्या टीमवर ठरेल. कंपनीला आजच ईमेल कर आणि हे चार प्रश्न विचार : क्वालिटी इंजिनिअर स्टोरी ठरवण्याच्या बैठकीला असतो का? युनिट टेस्ट कोण लिहितं? मुख्य शाखेवरचं बिल्ड लाल झालं तर काय करता? आणि मागचा मोठा दोष वापरकर्त्यांपर्यंत गेला, त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'डेव्हलपर' असं आलं, आणि शेवटच्या प्रश्नावर एखादा ठोस बदल सांगितला, तर बेलाशक होकार कळव. शेवटच्या प्रश्नावर 'संबंधिताला समज दिली' असं उत्तर आलं, तर मी तुला थांबायला सांगेन.