सांगलीच्या मुलीला कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय

ताई, तुमची मुलगी तेरा वर्षांची, विश्रामबागेत घरच्या डिजिटल पियानोवर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची सहावी ग्रेड परीक्षा झाली, आता तिला देशोदेशी कार्यक्रम करणारी पियानिस्ट व्हायचंय, आणि तुम्ही विचारताय की दहावी होईपर्यंत थांबलं तर चालेल का. मी वादक नाही हे आधीच सांगतो. मिरजेत हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करत मोठा झालो, मग मुंबईत एका जुन्या ट्यूनरच्या हाताखाली पियानो सुरात लावायला शिकलो. पियानो लावून झाला की कोपऱ्यात बसून वादकांच्या तालमी ऐकायच्या, ही सवय तिथलीच. त्यामुळे या धंद्याची पाठीमागची बाजू थोडी पाहिली आहे.

आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वादक येतो, कारागिरासमोर बसून स्वतःच्या कानाला हवी तशी जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढून घेतो आणि वाद्य बगलेत मारून जातो. पियानोवाल्याच्या नशिबात हे नाही. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ पाचशे किलोचा. क्रिस्टियन झिमरमनसारखा एखादा स्वतःचा पियानो घेऊन फिरतो, तो अपवाद. बाकीचे त्या त्या हॉलमध्ये जो उभा असेल त्याच्यावर वाजवतात. ओळख करून घ्यायला मिळाले तर दुपारचे दोन तास. कुठे पट्ट्या जड, कुठे पेडल जरा दाबलं की सगळं घुमतं, कुठे तारेवर आपटणाऱ्या हॅमरचं फेल्ट कडक होऊन वरचे सूर टोचतात. मी दोन-चार जागा सुधारून देतो, उरलेलं त्यांच्या बोटांनी सांभाळायचं. तुमच्या डिजिटलवर प्रत्येक पट्टी रोज तश्शीच लागते. मुलीच्या हाताला सवय लागली आहे ती नेमकी या कामात न चालणारी.

आता दुसरं, आणि माझ्या मते हेच मुख्य. १९९९ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर रविनियाच्या महोत्सवात पियानिस्ट आंद्रे वॉट्स वाजवणार होते, ते आजारी पडले. ऐनवेळी सतरा वर्षांच्या लांग लांगला उभं केलं. त्याने चायकोव्हस्कीचा पहिला कन्चेर्टो (ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची पियानोची मोठी रचना) वाजवला आणि त्याचं आयुष्य बदललं. २००७ मध्ये बॉस्टनला मार्था आर्गेरिच येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या जागी युजा वांग बसली. कन्चेर्टो तोच! लोक याला नशीब म्हणतात. असेल. पण असा फोन येतो तेव्हा पस्तीस मिनिटांचा कन्चेर्टो नोटेशन न बघता वाजवण्याइतका हातात बसलेला लागतो. 'पंधरा दिवस द्या, करते' हे उत्तर चालत नाही. आणि ही दोघंही पंधराच्या आसपास फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतसंस्थेत गॅरी ग्राफमनकडे पोचली होती. तिथे १९२८ पासून शिकवण्याची फी घेत नाहीत, पण जागा मोजक्या. म्हणजे दहावीनंतर सुरू करू असं तुम्ही म्हणता, तेव्हा तिच्या वयाची ही मुलं तिथे दाखल झालेली असतात.

स्पर्धांचं थोडक्यात. पोलंडमधल्या वॉर्सात पियानोची शोपँ स्पर्धा १९२७ पासून आहे, साधारण दर पाच वर्षांनी, सोळा ते तीस वयाच्या वादकांसाठी. पहिला नंबर आला की तारखा गच्च होतात, आणि मग कळतं की आपल्या गाठीला तयार रचना किती कमी आहेत. इटलीच्या पोलिनीने १९६० मध्ये अठराव्या वर्षी ती जिंकली आणि मग कार्यक्रम कमी करून पुन्हा अभ्यासाला बसला. मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एवढ्यासाठी.

'सांगलीत कुठली पियानोची परंपरा' असं तुम्ही लिहिलंय. पियानिस्ट दांग थाई सॉन व्हिएतनाममधल्या हनोईचा. आई पियानो शिकवायची. लहानपणी अमेरिकेचे बाँब पडत होते, म्हणून अख्खी संगीतशाळा खेड्यात हलवलेली. तो १९८० मध्ये वॉर्सात पहिला आला, आशियातला पहिलाच. पुढे २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ आणि २०२५ चा एरिक लू, दोघंही त्याचे शिष्य. पण हेही लक्षात घ्या की मधली वर्षं तो मॉस्कोला शिकला. गाव सुटलंच.

पैशाचं विचारलंत. मानधनातून एजंटचं कमिशन, प्रवास, हॉटेल जातं. बहुतेक वादक शिकवून घर चालवतात. आणि हात हेच भांडवल. पियानिस्ट लिऑन फ्लायशरचा उजवा हात १९६४ च्या सुमारास बिघडला, पुढची कित्येक वर्षं डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना, शिकवणं आणि ऑर्केस्ट्रा चालवणं यांवर काढली. मुलगी मनगट दुखतं म्हणाली तर 'अजून थोडं वाजव' म्हणू नका.

आता करायचं काय? खरा, तारांचा अपराइट (उभा पियानो) घ्या. जुना चालेल, पण ट्यूनरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून पॉलिश मारलेला आणि आत तारा ताणणाऱ्या खुंट्या सैल, असा एक मी स्वतः घेऊन फसलोय. आणि तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या एका घरातला पियानो मी नंतर उघडला. आवाज घुमवणाऱ्या लाकडी साउंडबोर्डाचे सांधे सुटलेले, आत गाळ. तो वाचला नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुणे किंवा मुंबईला चांगल्या शिक्षकाकडे न्या, मधल्या दिवसांत ऑनलाइन. शाळा सुरू राहू दे, दहावीही होऊ दे, फक्त पियानो दहावीच्या मागे रांगेत उभा करू नका.

त्याआधी एक करा. ग्रेडचे तुकडे सोडून, न बघता, न थांबता ती सलग किती मिनिटं वाजवते ते घड्याळ लावून मोजा आणि इथे लिहा. मग पुढचं बोलू.