आई-बाबांना युंगफ्राउला नेताय? मग हे वाच

अरे पहिल्यांदाच आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला चाललायस ना, मग युंगफ्राउयोखच्या, म्हणजे डोंगरातल्या रेल्वेने वर जायच्या त्या बर्फाळ खिंडीच्या, दिवशी दुसरं काहीच ठेवू नकोस. वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर, हवा विरळ, आणि बर्फ दिसला की बाबा पोरांसारखे पळत सुटणार, आधी दहा मिनिटं बसव त्यांना. सकाळी निघायच्या आधी वेबकॅम बघ, ढग असतील तर खाली लाउटरब्रुनेन गावातला धबधबा बघा, एवढं महागडं तिकीट धुक्यात घालवू नका रे. आईला फॉइलमध्ये धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ दे, अजिबात हसू नकोस, दुपारी भूक लागली की सगळे तीच पिशवी शोधतात! आणि ती प्रत्येक किमतीचे रुपये करून बघणारच, करू दे, तिला त्यातच मजा येते.