अनुभवी डेटा सायंटिस्ट नेमताना

प्रश्न : अंधेरीत आमची चौदा जणांची संशोधन-सल्लागार संस्था असून आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांतील सर्वेक्षणे आणि त्यांचे अहवाल हे आमचे मुख्य काम आहे. गेल्या वर्षी आम्ही बँकेत सहा वर्षे काम केलेल्या एका डेटा सायंटिस्टची नेमणूक केली. माणूस हुशार होता, पण त्यांनी काढलेल्या सरासऱ्या चुकीच्या निघाल्या आणि ग्राहकाकडे गेलेला अहवाल मागे घ्यावा लागला. आता नव्याने जाहिरात द्यायची आहे. मुलाखतीत नेमके काय पाहावे, आणि बँकांइतका पगार देणे शक्य नसताना चांगला माणूस कसा मिळवावा?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : चूक कोणत्या प्रकारची होती हे आपण लिहिलेले नाही, तरी माझा संशय भारांकांवर, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘वेट्स’वर जातो. बँकेत प्रत्येक खातेदाराची नोंद हाताशी असते. सर्वेक्षणात मात्र थोडी कुटुंबे फार मोठ्या लोकसंख्येच्या वतीने बोलत असतात आणि कोणते कुटुंब किती जणांच्या वतीने बोलते, हे भारांकावरून ठरते. हा फरक ज्याच्या अंगवळणी पडलेला नाही, त्याचे पायथन (विश्लेषणासाठी वापरली जाणारी संगणकीय भाषा) कितीही सफाईदार असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

म्हणून मुलाखतीतल्या तोंडी प्रश्नांवर फार विसंबू नये. निवडक तीन-चार उमेदवारांना दोन दिवसांचे काम द्यावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा. फुकट काम करून घेणे अनुभवी माणसाला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. कामासाठी केंद्र सरकारचे 2022-23 चे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण सोयीचे आहे. त्यात 2,61,746 कुटुंबांची माहिती असून कुटुंबनिहाय फाइली सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शहरी भागात मोटारगाडीच्या मालकीनुसार कुटुंबांचे गट पाडून त्यांतून घरे निवडली असल्यामुळे भारांक न लावता काढलेली सरासरी दिशाभूल करते. शहरी भारताचा सरासरी मासिक दरडोई खर्च काढा, एवढेच सांगावे. प्रकाशित आकडा 6,459 रुपये आहे, पण सरकारी योजनांतून मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरले तर तो 6,521 होतो. ‘यांपैकी कोणती सरासरी हवी?’ असे ज्याने काम सुरू करण्यापूर्वी विचारले, त्याच्याकडे माझा कल राहील. आकडा इंटरनेटवर सहज सापडतो आणि सापडू द्यावा. उमेदवार त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

दुसरी परीक्षा भाकिताच्या प्रारूपाची, म्हणजे हाती असलेल्या माहितीवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या ‘मॉडेल’ची. तपासणीसाठी बाजूला ठेवायची विदा (डेटा) उमेदवार कशी वेगळी करतो, ते पाहावे. एकाच गावातली वा वस्तीतली कुटुंबे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे निम्मी प्रारूपाला शिकवण्यासाठी आणि निम्मी त्याच्या तपासणीसाठी वापरली तर अचूकता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. जाणता माणूस अख्खे गाव एकाच बाजूला ठेवतो.

बँकेतले उमेदवार सरसकट गाळण्याचे कारण नाही, त्यांची शिस्त उपयोगी पडते. परंतु देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे समन्वयन करते, तिथून शिकून पुढे पाच-सात वर्षे क्षेत्रकामातून आलेल्या आकडेवारीशी झगडलेला माणूस मिळाला तर त्याला पायथन शिकवणे सोपे, हे माझे स्पष्ट मत आहे.

पगाराबाबत आपण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकांशी स्पर्धा करू नये. डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठणाऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू देणे हे पगारवाढीइतकेच मोलाचे वाटू शकते. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे अहवालावर त्याचे नाव असावे आणि आकडे पटले नाहीत तर अहवाल रोखण्याचा अधिकार त्याला नियुक्तिपत्रातच लिहून द्यावा. गेल्या वर्षी कोणाकडेच तो नव्हता, असे आपल्या पत्रावरून दिसते.

अनुभवी माणसाची नोटीस बहुधा नव्वद दिवसांची असते, तेव्हा पुढच्या अहवालाची तारीख पाहून जाहिरात काढावी. ‘नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही’ हे कलम मात्र करारात घालण्यात अर्थ नाही, कारण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार असे बंधन सामान्यतः निरर्थक ठरते. त्याऐवजी उत्तरदात्यांच्या माहितीची गोपनीयता नोकरीनंतरही पाळावी लागेल, हे कलम काळजीपूर्वक लिहून घ्यावे.