सातबारा शोधला की महाराष्ट्रच का उघडतो?

खानापूरच्या एका सदस्यांनी विचारलंय: शेत कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यात, पण गूगलवर 'सातबारा ऑनलाइन' टाकलं की महाराष्ट्राची महाभूलेख साइट येते. गूगलला मराठी कळत नाही काय?

कळतं हो, म्हणूनच तर ही गल्लत होते. मशीन शब्दाचा अर्थ शेजारपाजारावरून लावतं. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. इंटरनेटवर त्याच्या आजूबाजूला तलाठी, गट नंबर, महाराष्ट्राचे जिल्हे हेच सापडतात. त्यात तुम्ही लिहिताय मराठीत, आणि मराठी पानं बहुतेक तिकडचीच. आपण 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतो, तेव्हापासून सातबारा तोंडात बसलाय. कागदावर मात्र आता आरटीसी, म्हणजे कर्नाटकाचा जमिनीचा उतारा, बोलताना पहाणी नाहीतर नुसता उतारा.

माझ्या काउंटरवर एक काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आमची जमीन महाराष्ट्रात गेली काय रे? पेपरात तर काही आलं नाही!"

पूर्वी सर्च इंजिन बरंचसं शब्दाला शब्द जुळवायचं. 2013 च्या हमिंगबर्ड या सर्चमधल्या बदलापासून गूगल अख्ख्या वाक्याचा रोख बघू लागलं. 2019 मध्ये बर्ट हे गूगलचं भाषा समजून घेणारं मॉडेल सर्चमध्ये आलं, त्याच डिसेंबरात मराठीसह सत्तरहून जास्त भाषांत. ते वाक्यातला प्रत्येक शब्द मागच्यापुढच्या शब्दांसकट वाचतं. 'बेळगावहून पुण्याला बस' आणि 'पुण्याहून बेळगावला बस' यातले 'हून' आणि 'ला' गाळा, उरतं तेच ते. मराठीत सगळी गंमत प्रत्ययात असते, त्यामुळं आपल्याला हे फार उपयोगाचं.

पण जमीन कुठल्या राज्यात आहे हे वाक्यात नसेल तर ते अंदाजच करणार. फोनचं लोकेशन बंद असलं तर आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून ठिकाण ठरतं, आणि ते कधीकधी भलत्याच शहराचं निघतं. नुसतं 'आरटीसी' टाकलंत तर एसटीसारख्या बस महामंडळांची पानंही येतील, कारण त्यांच्याही नावात ती अक्षरं आहेत.

तेव्हा 'भूमी आरटीसी कर्नाटक' असं टाका (भूमी म्हणजे कर्नाटकाची जमीन नोंदींची ऑनलाइन व्यवस्था), हवं तर पुढं 'पहाणी' जोडा. उघडलेल्या पानावर जिल्हा, तालुका झाल्यावर होबळी (तालुक्यातला गावांचा गट) विचारली की समजायचं, बरोबर ठिकाणी आलात. गट नंबर मागितला तर मागं फिरा.